प्लगइन्सचा पसारा: वर्ग, टॅग आणि त्यांची राखण

टेक्स्ट एडिटर हे मुळातच अपुरं ठेवलेलं साधन आहे. अक्षरं उमटवणं, पुसणं, शोधणं आणि फाइल जपून ठेवणं एवढं त्याचा कर्ता करून देतो. पुढचं ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे जोडून घ्यायचं. १९७६ साली एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ईमॅक्स घडला तो अशाच जोडकामाची आवराआवर करताना. टेको नावाच्या जुन्या एडिटरवर तिथले लोक स्वतःपुरते मॅक्रो लिहीत होते. एकाने बसवलेल्या कळा दुसऱ्याच्या हाताला परक्या वाटत, आणि हा पसारा कोणीतरी एका धाग्यात ओवायला हवा होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुरवण्या नीट मांडण्याच्या खटाटोपातूनच हा एडिटर जन्मला. मांडणीचा प्रश्न प्लगइन्सची संख्या हजारांवर गेल्यावर उगवला असं आपण समजतो, पण तो पहिल्या दिवसापासून आहे.

या पुरवण्यांना प्रत्येक घराण्यात वेगळं नाव आहे. ईमॅक्सवाले पॅकेज म्हणतात, विमवाले प्लगइन. २००४ साली आलेल्या टेक्स्टमेटने बंडल हा शब्द आणला, व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन रूढ झालं. बोलताना मात्र आपल्याकडे ‘कुठलं प्लगइन टाकलंयस?’ असंच विचारलं जातं, म्हणून मीही तोच शब्द धरून चाललो आहे.

प्लगइन कसं लिहावं हे शिकवणारी पुस्तकं आहेत. कोणतं घ्यावं हे सांगणारे व्हिडिओ तर रोज निघतात. हे पुस्तक त्या दोहोंच्या मधल्या, फारसं कोणी न बोललेल्या जागेबद्दल आहे: हजारो प्लगइन्स एका ठिकाणी साठली की त्यांचे वर्ग कोणते करायचे, टॅग कोणी लावायचे, आणि लावलेले टॅग सडायला लागले की काय करायचं. असे संग्रह सांभाळणारी माणसं मोजकीच असतात. पण प्लगइन प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी वर्ग आणि टॅगच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. बहुतेक जण तो रकाना कामाच्या शेवटी, कंटाळलेल्या मनाने भरतात. पुढची कित्येक वर्षं इतरांनी त्या प्लगइनपर्यंत पोचायचं असतं ते त्या दोन मिनिटांच्या भरोशावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना त्याच्याशी भांडता येईल. ज्या वर्गीकरणात चुकीच्या कप्प्याची किंमत लगेच मोजावी लागते, ते स्वच्छ राहतं. जिथे कुठेही टाकलं तरी कोणाचंच काही बिघडत नाही, तिथे कप्पे कितीही विचारपूर्वक आखलेले असोत, काही वर्षांत त्यांचा घरातला माळा होतो. वर्ग बरे की टॅग बरे हा वाद रंगतदार आहे, पण या कसोटीपुढे मला तो दुय्यम वाटतो.

कसोटीला उतरणारं माझ्या आवडीचं उदाहरण विमचं आहे. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या एडिटरमध्ये वर्ग म्हणजे डिस्कवरचं खरंखुरं फोल्डर. ‘प्लगइन’ या फोल्डरमधलं सगळं एडिटर उघडताच चालू होतं. ‘एफटीप्लगइन’मधलं त्या-त्या प्रकारची फाइल उघडल्यावरच जागं होतं. ‘ऑटोलोड’मधल्या फंक्शनला कोणी हाक मारेपर्यंत ते झोपून असतं. ‘सिन्टॅक्स’, ‘इंडेंट’, ‘कलर्स’, ‘कंपायलर’, ‘स्पेल’, ‘कीमॅप’, ‘डॉक’ असे आणखी कप्पे आहेत आणि प्रत्येकाची वेळ व काम ठरलेलं आहे. रंगसंगतीची फाइल ‘कलर्स’ऐवजी ‘सिन्टॅक्स’मध्ये ठेवून बघा, कलरस्कीमची आज्ञा देताच विम ई१८५ क्रमांकाची चूक दाखवून अशी रंगसंगती सापडत नाही म्हणून मोकळा होतो. पायथनसाठी लिहिलेलं काहीबाही ‘प्लगइन’मध्ये टाकलं, तर तुम्ही आईला पत्र लिहीत असतानाही ते मध्ये मध्ये करतं. म्हणून विमच्या प्लगइन्समध्ये आतली मांडणी बहुधा बिनचूक असते. लेखक शिस्तीचे असतात म्हणून हे घडतं असं नाही. यंत्र त्यांना दुसरं काही करू देत नाही.

आता त्याच मंडळींचं दुसरं वर्गीकरण बघा. विमच्या अधिकृत संग्रहात स्क्रिप्ट चढवताना तिचा प्रकार निवडावा लागतो: रंगसंगती, फाइलप्रकार, खेळ, इंडेंट, सिन्टॅक्स, पॅच आणि युटिलिटी. यातल्या काही कप्प्यांना अर्थ आहे, कारण ते फोल्डरांवरूनच बेतलेले आहेत. राहिलेलं सगळं युटिलिटीत जातं. फाइलींचं झाड दाखवणारं, कंस आपोआप बंद करणारं, गिटशी बोलणारं, रोजनिशी लिहायला मदत करणारं, सगळंच उपयोगी असतं. मग युटिलिटी म्हटल्याने काय कळलं? लेखक तेच, स्क्रिप्ट तीच. घरात नीटनेटकी, आणि बाजारात येताच ढिगात.

फोल्डरांच्या या शिस्तीचीही एक गैरसोय होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. पूर्वी प्लगइनची झिप उघडली की तिच्यातल्या फाइली त्या-त्या कप्प्यात पांगत. एक ‘प्लगइन’मध्ये, एक ‘सिन्टॅक्स’मध्ये, मदतीची ‘डॉक’मध्ये. दहा प्लगइन्स टाकली की कोणत्या कप्प्यातली कोणती फाइल कोणाची, हे सांगणं अवघड. एखादं प्लगइन काढायचं ठरलं तर तांदळातले खडे वेचत बसायचं. टिम पोप यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या पॅथोजेनने ही घडी उलटी घातली: प्रत्येक प्लगइन आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये अखंड राहील, आणि कामानुसारचे कप्पे त्या फोल्डरच्या पोटात असतील. २०१६ मध्ये विमच्या आठव्या आवृत्तीने अशीच सोय एडिटरमध्येच आणली. बाहेरून मालकीप्रमाणे आणि आतून कामाप्रमाणे अशी ही दुहेरी मांडणी आहे. एकाच वस्तूचं दोन तत्त्वांवर वर्गीकरण करायचं असेल तर आधी कोणतं तत्त्व आणि मग कोणतं, हा क्रमच सगळं ठरवतो. वर्ग आणि टॅग यांच्यातला झगडाही मुळात हाच आहे.

ईमॅक्सने वेगळी वाट धरली. तिथे फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव, तारीख यांच्या जोडीला कीवर्डची एक ओळ लिहायची पद्धत आहे. १९९२ मध्ये एरिक रेमंड यांनी त्या ओळींचा उपयोग करून शोध घेणारं ‘फाइंडर’ लिहिलं आणि सोबत मान्य शब्दांची यादी दिली. आज ती तीस-पस्तीस शब्दांच्या घरात आहे. ती यादी वाचणं हा माझ्या मते एक छोटा इतिहासाचा धडा आहे. त्यात ‘टर्मिनल्स’ आहे, ‘माउस’ आहे, ‘मेल’ आहे, आणि ‘न्यूज’ही आहे, ही न्यूज म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, यूजनेट. ‘हायपरमीडिया’ आहे, कारण यादी झाली तेव्हा वेब जेमतेम रांगत होतं. ‘गेम्स’ आहे, आणि असायलाच हवं. एकट्या ‘सी’ भाषेला स्वतंत्र शब्द मिळाला आहे, बाकीच्या भाषा ‘लँग्वेजेस’मध्ये दाटीवाटीने बसल्या आहेत, लिस्प अर्थातच घरची असल्याने तिला वेगळी खोली. शिवाय ‘कन्व्हीनियन्स’ नावाचा एक शब्द आहे. सोयीसाठी नसलेलं पॅकेज मला तरी माहीत नाही, त्यामुळे हा शब्द कुठल्याही पॅकेजला चालतो आणि म्हणूनच शोधणाऱ्याच्या कामाचा नाही.

तरी ईमॅक्सच्या यादीत एक शहाणपण आहे. लेखक हवे ते शब्द लिहू शकतो. यादी फक्त सांगते की त्यातला निदान एक तरी आमच्या ओळखीचा असू द्या. पॅकेज प्रसिद्ध करण्याआधी ते तपासणारं ‘पॅकेज-लिंट’ नावाचं अवजार आहे. मान्य यादीतला एकही शब्द नसेल तर ते तसं बजावतं. इथे यंत्र काही मोडत नाही, पण तपासणीत लाल रेघ दिसते आणि लेखकाला ओशाळल्यासारखं होतं. तेवढी किंमतही पुष्कळदा पुरते.

व्हीएस कोडचा मामला सर्वांत मोठ्या बाजाराचा आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आणला, त्याच वर्षाअखेर प्लगइन्सचं दालन उघडलं, आणि आज नवशिक्याला टेक्स्ट एडिटर म्हटलं की बहुधा तोच आठवतो. प्रत्येक प्लगइनसोबत एक माहितीपत्रक असतं; त्यात वर्ग हा बंद रकाना. ठरलेल्या यादीतूनच निवडायचं: प्रोग्रॅमिंग भाषा, स्निपेट, लिंटर, थीम, डीबगर, फॉरमॅटर, कीमॅप, भाषा-पॅक, नोटबुक, शिक्षण, टेस्टिंग वगैरे, आणि अलीकडे एआय व चॅट. कीवर्ड हा खुला रकाना, त्यात तीसपर्यंत शब्द लिहिता येतात. वर्गांची यादी एडिटर बनवणाऱ्यांच्या हातात, कीवर्ड प्लगइन लिहिणाऱ्याच्या हातात, अशी ही वाटणी. कागदावर ती झकास दिसते.

पण वर्गांच्या यादीत ‘अदर’ही आहे. कुठल्याही बंद यादीला असा एक दरवाजा ठेवावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दरवाजापलीकडे भिंतीही नसण्याची. हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. पाठशाळांमधून मुलांकडून घोकून घेतला जाणारा अमरकोश वर्गांतच रचलेला आहे: स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग. जे कुठेच नीट बसेना त्यासाठी अमरसिंहाने तिसऱ्या कांडात संकीर्णवर्ग ठेवला, आणि ज्या शब्दांना एकाहून अधिक अर्थ आहेत त्यांच्यासाठी नानार्थवर्ग. नानार्थवर्गात त्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अर्थावरून लावायची सोय उरली नाही तेव्हा त्याने तत्त्वच बदललं आणि शब्द शेवटच्या व्यंजनावरून लावले; ककारान्त आधी, मग खकारान्त, मग गकारान्त. ‘इतर’च्या कप्प्यालाही क्रम हवा आणि तो बाहेरच्या कप्प्यांसारखाच असायला हवा असं नाही, ही जाण त्याच्यापाशी होती. आजच्या ‘अदर’मध्ये शिरलं की तिथे आधी समोर येतो तो लोकप्रियतेचा क्रम: जे आधीच पुष्कळांनी घेतलं आहे ते वर, कालच आलेलं तळाशी.

टॅगची कथा वेगळ्या गावची आहे. २००३ मध्ये जोशुआ शाक्टर यांनी डेलिशस सुरू केलं, तिथे लोक आपल्या आवडीच्या वेबपानांना मनाला येईल तो शब्द लावून ठेवू लागले. पुढच्याच वर्षी फ्लिकर आलं, फोटोंना टॅग लागले. कोणी तज्ज्ञ वरून वर्ग लादत नाही, सगळे मिळून शब्दांचं मोहोळ उभारतात आणि त्यातून आपोआप वर्गीकरण घडतं, असा तेव्हाचा उत्साह होता. एडिटरांच्या जगाने टॅग उचलले ते त्याच वाऱ्यात. फक्त एक गोष्ट बदलली आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. डेलिशसवर टॅग लावत असे वाचक. प्लगइनला टॅग लावतो प्लगइनचा कर्ता. वाचक स्वतःला पुन्हा सापडावं म्हणून शब्द निवडतो, कर्ता दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून. पहिल्याचे टॅग हे टिपण असतं, दुसऱ्याचे जाहिरात. जाहिरात म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की टॅगांचे बहुतेक रोग समजतात: एडिटरचंच नाव टॅग म्हणून लावणं (त्या दालनात दुसरं आहे काय?), प्रतिस्पर्ध्याचं नाव लावणं, ज्या भाषेशी प्लगइनचा दूरचा संबंध आहे तिचंही नाव घालणं, आणि हल्ली प्लगइनमध्ये असो-नसो, एआय लिहून टाकणं.

या हौशीपेक्षा जास्त नुकसान निरागस रोगांनी होतं. एक जण लिंट लिहितो, दुसरा लिंटर, तिसरा लिंटिंग. रंगाचं स्पेलिंग अमेरिकन की ब्रिटिश, दोन शब्दांत जोडरेघ की मोकळी जागा, एकवचन की अनेकवचन. मुंबईच्या लोकलच्या डब्यांप्रमाणे एकाच दिशेने जाणारे हे शब्द आतून एकमेकांना जोडलेले नसतात. एका टॅगवर टिचकी मारणाऱ्याला बाकीच्या दोघांतलं काही दिसत नाही. उपाय अवघड नाही. समानार्थी टॅगांची एक सारणी ठेवायची, त्यातला एक प्रमाण मानायचा, बाकीचे त्याच्याकडे वळवायचे. ग्रंथालयांच्या विषयशीर्षकांत ‘अमुक पाहा’ असं लिहिण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. अवघड आहे ते ही सारणी महिन्यामागून महिने राखणं, कारण त्या कामाचं श्रेय कोणालाच मिळत नाही. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण याच कामावर आहे आणि ते सर्वांत रटाळही आहे, हे आधीच कबूल करतो.

राखणदारीचं चांगलं उदाहरण सब्लाइम टेक्स्ट या एडिटरच्या पॅकेज कंट्रोलचं. विल बॉन्ड यांनी २०११ मध्ये ते सुरू केलं. नवं पॅकेज यादीत घालायचं असेल तर गिटहबवर विनंती पाठवायची. कोणीतरी ती वाचतो, सूचना करतो, मग पॅकेज आत येतं. गंमत म्हणजे मूळ यादीच्या फाइली निव्वळ इंग्रजी मुळाक्षरांवरून पाडलेल्या आहेत. एका अक्षराची एक फाइल. विषयानुसार फाइली पाडल्या असत्या तर प्रत्येक विनंतीच्या वेळी ‘ही कुठल्या फाइलमध्ये?’ हा वाद झाला असता. साठवणीचा क्रम मुद्दाम अर्थहीन ठेवला आणि अर्थाचं ओझं लेबलांवर टाकलं. हा निर्णय मला फार आवडतो. ज्ञानकोशकार अकारविल्हे का धरतात याचं उत्तरही त्यात आहे.

वर्ग आणि टॅग यांच्या आधीपासून वर्गीकरण होत आलं आहे ते नावांमधून. ईमॅक्समध्ये नावाच्या शेवटी ‘मोड’ असलं की काम कळतं. नाव ‘ओबी’ने सुरू झालं की ते ऑर्ग या टिपणं-नियोजनाच्या मोडमध्ये कोड चालवणाऱ्या बॅबेलसाठी, ‘ओएक्स’ने सुरू झालं की ऑर्गमधून बाहेर निर्यात करण्यासाठी. सब्लाइममधले लिंटर आपल्या नावाआधी मूळ सब्लाइमलिंटरचं नाव लावतात. विमची प्लगइन्स पुष्कळदा ‘विम’ने सुरू होतात, आणि २०१४ मध्ये निओविम वेगळा झाल्यापासून त्याच्यासाठीच लिहिलेली नावाच्या शेवटी ‘डॉट एनविम’ लावून आपलं कुळ सांगतात. गिटहबच्या ॲटम या एडिटरमध्ये भाषेच्या पॅकेजचं नाव ‘लँग्वेज’ने सुरू व्हायचं, थीमचं ‘यूआय’ किंवा ‘सिन्टॅक्स’ने संपायचं. हे संकेत कोणी सक्तीने लादले नव्हते. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याच्या पॅकेजांची नावं आजही वाचली की काय कशासाठी होतं ते समजतं. आडनावावरून गाव ओळखण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही पद्धत लगेच पटेल. तिची मर्यादाही तितकीच परिचित आहे: नाव एकदाच ठेवता येतं, आणि प्लगइनने मोठं होऊन दुसरा धंदा धरला तरी नाव जुनंच राहतं.

नावांनीच चालणारं आणखी एक वर्गीकरण टेक्स्टमेटचे कर्ते ॲलन ओडगार्ड यांनी घालून दिलं आणि ते त्यांच्या एडिटरबाहेर कितीतरी दूर गेलं. कोडमधला प्रत्येक तुकडा कशा प्रकारचा आहे हे ठिपक्यांनी जोडलेल्या नावातून सांगायचं: टिप्पणी, त्यात एका ओळीची, मजकूर, त्यात दुहेरी अवतरणातला. सब्लाइम, ॲटम आणि व्हीएस कोड या तिघांनी हीच पद्धत घेतली. थीम लिहिणाऱ्याला तुमची भाषा माहीत नसते, त्याला ही नावं माहीत असतात. व्याकरणाची फाइल लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने भलतंच नाव दिलं तर तो तुकडा पडद्यावर बेरंग राहतो. इथेही चुकीची किंमत लगेच दिसते, म्हणूनच वीस वर्षांनंतर ही नावं जवळपास तशीच टिकली आहेत.

यातून एक व्यावहारिक मार्ग निघतो आणि तो व्हीएस कोडच्या दालनात थोडाफार वापरलेलाही आहे. तिथे प्लगइन बांधून देणारं अवजार माहितीपत्रक वाचतं. त्यात थीम दिलेली असेल तर थीमचा टॅग स्वतःच लावतं, स्निपेट असतील तर त्यांचा. प्लगइन ज्या फाइलप्रकारांना हात घालतं त्यांचे प्रत्ययही ते छुप्या टॅगांच्या रूपात नोंदवून ठेवतं. म्हणून अनोळखी प्रकारची फाइल उघडली की एडिटर तिच्यासाठी प्लगइन सुचवू शकतो. हे टॅग खोटे असू शकत नाहीत, कारण ते जाहिरातीवरून नाही, करणीवरून निघालेले आहेत. माझा आग्रह असा की जेवढं करणीवरून काढता येतं तेवढं लेखकाला विचारूच नये. थीम गडद आहे की फिकी, हे माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं; मग थीम या अवाढव्य वर्गात ती दोन दालनं पाडायला हरकत काय?

उरतं ते हेतूचं. हे प्लगइन कोणासाठी, कोणत्या अडचणीवर, हे यंत्राला कळत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि त्याला चौकट द्यावी लागते. ही चौकट मी एस. आर. रंगनाथन यांच्याकडून घेतली आहे. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करत असताना त्यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. ड्युईच्या दशांश पद्धतीत पुस्तकासाठी तयार कप्पा शोधावा लागतो. रंगनाथन म्हणाले, कप्पे तयार ठेवूच नका. विषयाचे पैलू वेगळे करा आणि प्रत्येक पैलूचा अंश जोडून कप्पा घडवा. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल हे त्यांचे पाच पैलू. ते जसेच्या तसे प्लगइन्सना लावणं हास्यास्पद होईल. पण पद्धत लागू पडते. कोणत्या भाषेसाठी किंवा फाइलसाठी, काय काम करतं, केव्हा जागं होतं, आणि एडिटरच्या बाहेर कशाला हात लावतं (फाइल, नेटवर्क, टर्मिनल), असे चार पैलू मी या पुस्तकात धरले आहेत. व्हीएस कोडच्या यादीतले लिंटर, फॉरमॅटर, डीबगर हे सगळे दुसऱ्या पैलूचे अंश ठरतात. ‘प्रोग्रॅमिंग भाषा’ हा पहिल्याचा. आजवर एकाच यादीत बसवल्यामुळे त्यांची गल्लत होत होती. पायथनचा लिंटर भाषेत जाणार की लिंटरमध्ये, हा प्रश्नच मग उद्भवत नाही. चौथा पैलू कुठल्याच दालनात मला दिसलेला नाही, आणि वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच सर्वांत आधी हवा होता.

मराठी वाचकासाठी या पुस्तकात एक प्रकरण वेगळं ठेवलं आहे आणि त्याचं कारण भावनिक नाही. रोमन कळांवरून देवनागरी उमटवणारं प्लगइन कुठे ठेवायचं, हा वर्गीकरणाचा उत्तम परीक्षाप्रश्न आहे. व्हीएस कोडच्या यादीत ‘कीमॅप’ वाचून आपण तिकडे जातो, तर तिथे दुसऱ्या एडिटरांचे शॉर्टकट भेटतात. ‘भाषा-पॅक’ म्हणजे मेनूचा अनुवाद. ‘प्रोग्रॅमिंग भाषा’ आपल्या कामाची नाही. शेवटी अशा प्लगइनच्या कर्त्याच्या हाती ‘अदर’च येतं. विममध्ये मात्र परकी लिपी उमटवण्याच्या फाइलींसाठी ‘कीमॅप’ हे फोल्डरच आहे, शुद्धलेखनासाठी ‘स्पेल’ आहे. ईमॅक्समध्ये तर देवनागरीच्या आयट्रान्स आणि इन्स्क्रिप्ट या लेखनपद्धती एडिटरसोबतच येतात. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबून लिपी बदलते. तिथे हे प्लगइनच नाही, म्हणून त्याचा वर्गही शोधावा लागत नाही. वर्गांची यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे कोण बसलं होतं, हे यादीत जे नाही त्यावरून समजतं. कोड लिहिणारा होता. लेख, पत्र, प्रबंध लिहिणारा नव्हता. चार पैलूंच्या पद्धतीत या प्लगइनला जागा मिळते: भाषा देवनागरीत लिहिली जाणारी, काम लेखन, जागं होणार कळ दाबल्यावर.

स्वतःच्या संगणकावरच्या मांडणीविषयी थोडंच लिहिलं आहे. व्हीएस कोडमध्ये २०२३ पासून प्रोफाइल करता येतात. पायथनच्या कामाला एक, लेखनाला एक, प्रत्येकात वेगळी प्लगइन्स. बहुतेकांना तेवढं पुरेसं आहे आणि त्यावर पानं खर्च करण्यात अर्थ नाही. वीसच प्लगइन्स असलेल्याने टॅगांची सारणी करत बसू नये, काही काढून टाकावीत.

प्रकरणांचा क्रम असा. पहिली दोन विमच्या फोल्डरांवर आणि ईमॅक्सच्या कीवर्डांवर आहेत. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी ती ओलांडून थेट तिसऱ्यावर यावं, तिथे माहितीपत्रकावरून टॅग काढण्याची रीत आहे. चौथ्यात चार पैलू, पाचव्यात समानार्थी टॅगांची सारणी, सहाव्यात देवनागरी. ज्यांच्याकडे एखादा संग्रह सांभाळायला आहे त्यांनी सुरुवात पाचव्यापासून केली तरी चालेल, मात्र आपल्या संग्रहातले दहा-पंधरा टॅग समोर ठेवून मगच ते वाचायला घ्यावं.